वजनकाट्यावर ठेवलेला हात

आधी माफी मागतो. लिहिण्याइतकं मराठी मला येतं की नाही, याचीच मला खात्री नाही. गावच्या शाळेत पाचवीपर्यंत मराठी होतं. पुढं तेलुगू माध्यम आलं, आणि आता आदिलाबादच्या डिग्री कॉलेजात सगळं इंग्रजीत. आमच्या घरात माझ्या आधी कोणी कॉलेजची पायरी चढलेलं नाही. त्यामुळे हे लिहून झाल्यावर कोणाला वाचून दाखवावं, कुठं चुकलं ते कोणाला विचारावं, तेही मला माहीत नाही. शिवाय हे ज्याच्या बाबतीत घडलं तो मी नाही. मी फक्त तिथं उभा होतो. नुसत्या उभ्या असलेल्या माणसानं लिहायला बसावं का, असं पुन्हा पुन्हा मनात येतं. पण ज्यांच्या बाबतीत घडलं ते कधी लिहिणार नाहीत, आणि ज्यानं केलं त्याला यात लिहिण्यासारखं काही वाटणारच नाही. म्हणून धीर करतो.

आमच्या कोर्सला दुसऱ्या वर्षी एखाद्या कामाच्या ठिकाणी काही महिने राहून अभ्यास करावा लागतो. मला विषय मिळाला तो असा: नोकरीच्या जागी माणसावर येणारा ताण, तो ओळखायचा कसा आणि ओळखल्यावर करायचं काय. मॅडमनी वर्गात त्याची चिन्हं सांगितली. झोप उडते, भूक जाते, माणूस चिडतो, विसरतो, एकटा राहू लागतो. मी सगळं मन लावून ऐकलं. घरी विषय सांगितला तेव्हा वडील ज्वारीची कणसं खुडत होते. ते म्हणाले, "कामावर टेन्शन तर राह्यतेच. त्याचा काय अभ्यास?" आई म्हणाली, "शिकू द्या ना जी. आपल्याले का समजते त्यातलं."

जागा मिळवून दिली ती भाऊजींनी. माझ्या चुलत बहिणीचे ते नवरे. मावल्याच्या बाजूला, शहराला लागून, एक जिनिंग मिल आहे. शेतकरी कापूस आणतात, तिथं सरकी आणि रुई वेगळी होते, रुईच्या गठाणी बांधल्या जातात. भाऊजी तिथं ओलावा तपासायचे. गाडी गेटातून आत आली की भाऊजी लांब दांड्याचं मशीन कापसात खुपसायचे आणि त्यावरचा आकडा वाचायचे. ठरलेल्या आकड्याच्या आत असला तर गाडी पुढं वजनकाट्यावर. वर गेला तर भाव कमी, फार वर गेला तर गाडी परत. तेलुगूत ओलाव्याला तेमा म्हणतात, आणि आमच्या तामसीकडच्या मराठी गावांतही आता सगळ्यांच्या तोंडी तोच शब्द आहे. मिलमध्ये भाऊजींना सगळे तेमावाले म्हणत.

काम हंगामापुरतं होतं. कापूस संपला की मिल थंड पडायची, आणि भाऊजी मावल्यातली भाड्याची खोली सोडून बहिणीला आणि लहान मुलीला घेऊन आमच्या गावी, सासऱ्याच्या घरी यायचे. उन्हाळाभर तिथंच. मुलीची शाळा अर्धी राहायची. सासरे काही म्हणायचे नाहीत. पण भाऊजी त्या दिवसांत पंगतीला सगळ्यात शेवटी बसायचे आणि पहिल्यांदा उठायचे, हे मी लहानपणापासून पाहिलेलं होतं. त्या वर्षी मिलच्या साहेबांनी त्यांना शब्द दिला होता की हंगाम नीट पार पडला तर कायम करून घेऊ, बारा महिने. भाऊजींना दुसरं काही नको होतं. बहिणीनं तर खोलीच्या दाराशी कढीपत्त्याचं रोप लावूनही टाकलं होतं. "आता याले पाणी घालाले मीच राह्यीन," ती म्हणायची.

मिलमध्ये पहिल्याच आठवड्यात मला भाऊजींची अडचण दिसली. आमच्या गावच्या गाड्या त्याच मिलला येत. आणि भाऊजी एकट्या सासऱ्याचे जावई नव्हते, आमच्याकडे जावई सगळ्या गावाचा असतो. त्याची थट्टा करायचा हक्क साऱ्यांचा. गाडी आत आली की माझे मोठे बाबा, म्हणजे वडिलांचे मोठे भाऊ आणि भाऊजींचे चुलत सासरे, ट्रॅक्टरवरूनच सुरू करायचे.

"काय जी जावाईबापू, आज किती सांगता आमचा तेमा?"

"पाहू द्या तर, मोठे बाबा."

"पाहा, पाहा. अधिकात अनारसे खाल्ले तवा नाही पाह्यला तेमा. तवा तर ओले का सुके न पाह्यता ताट साफ केलं."

रांगेतले सगळे हसायचे. मागच्या गाडीवरून कोणी ओरडायचं, "जावाई हाय का सावकार? सासऱ्याच्या कापसात सळई खुपसून राह्यला." पुन्हा हशा. भाऊजीही हसायचे. मग मशीन काढून दुसऱ्या जागी खुपसायचे. मग तिसऱ्या. आकडा तोच यायचा. तो सांगताना त्यांचा आवाज इतका खाली जायचा की मोठे बाबा कानाला हात लावून म्हणायचे, "मोठ्यानं बोला जी, मुलगी मागाले आले तवा तर मोठ्यानं बोलत होते."

या थट्टेत वाईट काही नव्हतं. हे मी आजही म्हणतो. पण दिवसभर तीच थट्टा अंगावर घेऊन, तरीही आकडा खरा सांगायचा, ही गोष्ट रांगेतल्या कोणाला दिसत नव्हती.

जेवणाच्या सुटीत आम्ही गेटजवळच्या कडुनिंबाखाली बसायचो. दोन-तीन हमाल, भाऊजी, मी, आणि काट्याच्या केबिनमध्ये बसणाऱ्या ताई. ताई काट्यावर चढलेल्या गाडीचं वजन कॉम्प्युटरवर चढवायच्या. मिलची एक रीत होती. रिकामं पोतं अंथरायचं, सगळ्यांचे डबे उघडून मधोमध ठेवायचे. मग कोणाची भाकर कोणाच्या अंबाडीच्या भाजीला लागते, हे कोणी पाहायचं नाही. कोणी 'घ्या' म्हणायचं नाही, कोणी 'पुरे' म्हणायचं नाही. एक दिवस भाऊजींनी डबा मधे ठेवलाच नाही. मांडीवर घेतला, पाठ थोडी वळवली, आणि जेवले.

ताई म्हणाल्या, "काऊन जी तेमावाले, आज बायकोनं काय चोरून देलं?"

"पोटाचं बरं नाही," भाऊजी म्हणाले.

दुसऱ्या दिवशीही डबा मांडीवरच. तिसऱ्या दिवशी ताईंनी विचारलं नाही. हमालांनी आपले डबे जरा भाऊजींच्या बाजूला सरकवले, पण त्यांचा हात काही आला नाही. मॅडमनी सांगितलेल्या चिन्हांत हे नव्हतं. तरी माझ्या मनात आलं, हेच ते. पुस्तकातलं माझ्यासमोर पोत्यावर बसलं होतं.

संध्याकाळी बसस्टॉपपर्यंत चालताना मी विचारलं. आधी त्यांनी उडवून लावलं. "तुझ्या कॉलेजचं लचांड माह्यावर नको आणू," म्हणाले. मग थोडं चालल्यावर आपणहून बोलू लागले.

"सासुरवाडीचा ट्रॅक्टर मले आवाजावरून ओळखू येते. गेटात यायच्या आधीच पोटात गोळा येते. मंग मशीन धरलं का हात हालते. आकडा पाह्यतो, पण खरं पाह्यला का नाही असं वाटते, म्हणून पुन्हा पाह्यतो. इतवारी घरी झोपलो तरी रोडवर ट्रॅक्टर गेला का उठून बसतो. पोरगी काही सांगून राह्यली, मी हो हो करून राह्यलो, अन् ऐकलं काहीच नाही."

"साहेबाले सांगा ना भाऊजी. आपल्या गावच्या गाड्या दुसरा कोणी पाह्यील. तुमी दुसऱ्या गावच्या पाहा. एवढंच तर हाय."

"अन् त्यानं म्हटलं, याच्यानं होत नाही, तर?" ते थांबले. "कायम व्हाचं हाय रे बापा. तेवढं होऊ दे."

आता साहेबांविषयी. ते बाहेरचे, हिंदी बोलणारे. माझ्याशी फार चांगले वागले, हे लिहिलं नाही तर खोटं होईल. पहिल्या दिवशी मी दारात चपला काढू लागलो तर म्हणाले, चपला घालूनच ये. बसायला खुर्ची दिली. "घर में पहले पढ़ने वाले तुम ही हो ना? शाबाश बेटा," असं म्हणाले. इतकं सरळ, इतक्या मोठ्या टेबलामागून, मला कोणी बोललं नव्हतं. माझा विषय ऐकून ते पुढं झुकले. मुख्य ऑफिसकडूनही असंच काही करायला सांगितलं आहे, म्हणाले. माणसांच्या मनावरचा भार समजून घ्यायचा. एक बैठक घेऊ. तू सोबत राहा, मी हिंदीत बोलेन, तू त्यांच्या भाषेत सांग. माणूस आपल्या भाषेत मोकळा होतो.

मला वाटलं, माझा सगळा अभ्यास आता खरा होणार.

इथं काट्याविषयी सांगावं लागेल. वजनकाटा म्हणजे जमिनीबरोबर बसवलेलं लोखंडी फलाट, भरलेली गाडी चढेल एवढं. हंगामाच्या पहिल्या दिवशी, पहिली गाडी चढायच्या आधी, ते फलाट धुतात. हळदी-कुंकू वाहतात, नारळ फोडतात. मग मिलमधला प्रत्येक माणूस खाली वाकून उजवा हात त्या लोखंडावर टेकवतो आणि कपाळाला लावतो. त्या दिवसापासून हंगामभर काटा हा मिलमधला शेवटचा शब्द असतो. वाद झाला की म्हणतात, "काट्यावर हात ठेव." हात ठेवला की वाद संपला. एकदा एका ड्रायव्हरनं ताडपत्री आपण नाही, हमालांनीच फाडली, असा कांगावा केला. हमाल नुसता म्हणाला, "चाल, काट्यावर हात ठेव." ड्रायव्हर काट्यापर्यंत गेला, उभा राहिला, आणि वळून गाडीत जाऊन बसला. कोणी त्याला चिडवलंही नाही. काट्याशी खोटं बोलून चालत नाही, एवढं तो जाणत होता, म्हणजे माणूस वाईट नव्हता, असंच सगळ्यांनी धरलं.

बैठक मार्केट बंद असलेल्या दिवशी ठेवली. काट्याच्या बाजूला सतरंज्या घातल्या. साहेब खुर्ची बाजूला सारून खाली बसले. त्यांनी सांगितलं, मी मराठीत सांगितलं: कामाचा जीवाला त्रास होत असेल तर आज बोला. जे बोलाल ते इथंच राहील. त्यावरून कोणाचं काही बिघडणार नाही.

कोणी बोलेना. मग एक हमाल म्हणाला, "टेन्शन तर एकच हाय साहेब. तुमचा फोन." सगळे हसले, साहेबही हसले. मग सगळ्यांनी माना खाली घातल्या.

तेव्हा साहेब उठले. बूट काढले, मोजे काढले. काट्याजवळ जाऊन वाकले आणि उजवा हात पूर्ण पंजा उघडून लोखंडावर टेकवला.

"लो," ते म्हणाले. "काँटे पर हाथ रखा."

कोणी त्यांना तसं करायला सांगितलं नव्हतं. बाहेरचा माणूस, आणि त्यानं आमची रीत आपणहून पाळली. ताईंचा हात सवयीनं कपाळाकडे गेला. हे वाक्य मी मराठीत सांगितलंच नाही, सांगायची गरजच नव्हती.

मग माणसं बोलली. एका हमालानं पाठीचं सांगितलं. ताईंनी सांगितलं की रांग थांबत नाही म्हणून त्या सकाळपासून पाणी पीत नाहीत, जावं लागेल या भीतीनं. सगळ्यात शेवटी भाऊजी. ते माझ्याकडे पाहत नव्हते, काट्याकडे पाहत होते. बसस्टॉपच्या वाटेवर मला सांगितलं तेच त्यांनी सांगितलं. ट्रॅक्टरचा आवाज, पोटातला गोळा, हलणारा हात. "माणसं वाईट नाहीत साहेब," ते म्हणाले. "माहे सासरचे हायेत, गंमत करतेत. पण मले सहन होऊन नाही राह्यलं. त्या गावच्या गाड्या दुसऱ्याले द्या. बाकी काम मी जीव लावून करतो."

मी हिंदीत सांगितलं. एक शब्द वाढवला नाही, एक कमी केला नाही. साहेब खाली मान घालून ऐकत होते. मग उठून भाऊजींच्या खांद्यावर हात ठेवला. "आपने बताया, बहुत अच्छा किया. थोड़े दिन घर पर आराम करो. फिर हम लाइन बदल देंगे." ऑफिसातल्या मुलानं फोटो काढले.

त्या दिवशी कडुनिंबाखाली भाऊजींचा डबा पोत्यावर आला. वांग्याची भाजी होती. ताईंनी सगळ्यात आधी त्यातच हात घातला आणि म्हणाल्या, "हेच चोरून खात होता का जी इतके दिवस? यात तर मीठही नाही." भाऊजी इतके हसले की त्यांना ठसका लागला. जाताना त्यांनी मुलीसाठी बोरं घेतली. "मोकळं वाटून राह्यलं," म्हणाले. मी त्यांच्या हातातली बोरांची पिशवी घेतली आणि स्टॉपपर्यंत धरून चाललो.

ते आराम करत होते तेव्हा मशीनवर नेरडीगोंड्याकडचा एक नवा माणूस आला. मला वाटलं, तात्पुरता. भाऊजी परत आले तर साहेब म्हणाले, अजून थोडं बरे व्हा. पुन्हा आले तर वॉचमननं गेटवरच खुर्ची दिली, चहा दिला, आणि सांगितलं की साहेब मीटिंगमध्ये आहेत. भाऊजी चहा पिऊन गेले. वॉचमन त्यांच्या ओळखीचा होता. त्यानं वर पाहिलं नाही.

मी साहेबांच्या ऑफिसात गेलो. असं आपणहून कोणाच्या ऑफिसात मी कधी गेलो नव्हतो. दारातच उभा राहिलो. भाऊजींना कधी बोलावणार, एवढंच विचारलं.

"बेटा," साहेब म्हणाले, "जिसका हाथ काँपता है, उसके हाथ में मशीन कैसे दूँ? उसने खुद बोला. सबके सामने. तुमने ही तो मुझे हिंदी में बताया."

"और कायम का?"

"कायम के लिए मज़बूत आदमी चाहिए."

मी म्हणालो, आपण काट्यावर हात ठेवला होता. म्हणताना माझा आवाज भाऊजींच्या आवाजासारखाच खाली गेला. साहेब रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. ते हसले, अगदी पहिल्या दिवशी हसले होते तसेच.

"अरे, वो तो इसलिए कि तुम लोग खुल जाओ. हमें ट्रेनिंग में सिखाते हैं. जहाँ जाओ, वहाँ का तरीका पकड़ो."

त्यांना वाटत होतं की ते मला काहीतरी शिकवत आहेत. माझ्या अभ्यासाच्या कामाचं.

याहून पुढं काही होईल असं वाटलं नव्हतं. पण झालं. नव्या माणसानं मोठ्या बाबांची गाडी परत लावली. ओलावा खरंच जास्त होता की नाही, मला माहीत नाही. मोठे बाबा त्याच्याशी भांडले. आमचा जावाई असता तर असं झालं नसतं, म्हणाले. आरडाओरड ऐकून साहेब बाहेर आले, आणि भरल्या रांगेसमोर त्यांनी सांगितलं, "आपके दामाद ने ही तो बोला, ससुराल वाले परेशान करते हैं. आप लोगों की वजह से बीमार हुआ वो."

मोठे बाबा भरलेला ट्रॅक्टर तसाच घेऊन गावी परत आले आणि आमच्या अंगणात येऊन बसले. मी त्या दिवशी घरीच होतो. आईनं पाणी दिलं, ते त्यांनी हातात धरून ठेवलं.

"आमी त्याले तरास देतो म्हणे," ते वडिलांना म्हणाले. "साऱ्या मिलसमोर नाव घेतलं आमचं. अरे, जावायाची गंमत नाही कराची तर मंग कोणाची कराची?"

मी सांगायचा प्रयत्न केला. भाऊजी 'माणसं वाईट नाहीत' म्हणाले होते, हेही सांगितलं. मोठे बाबा माझ्याकडे बघून म्हणाले, "तू होता ना तिथं? तूच सांगून राह्यला होता म्हणे साहेबाले हिंदीत." मग पाणी न पिता गेले.

होळीला भाऊजी सासरी आले. मी पारावर होतो. दर वर्षी गावात पाऊल टाकल्याबरोबर कोणीतरी त्यांची टोपी पळवायचं, कोणी 'सावकार आले, सावकार आले' ओरडायचं, वहिन्या रंगाचं पाणी घेऊन दाराआड लपायच्या. त्या वर्षी सगळे पारावरून उठून उभे राहिले. "या जावाईबापू. बसा. पाणी घ्या." पाणी दोन्ही हातांनी दिलं. पाहुण्याला देतात तसं. भाऊजींनी इकडं तिकडं पाहिलं, कोणीतरी काहीतरी म्हणेल म्हणून थांबले. कोणी म्हणालं नाही. त्यांनी पाणी घेतलं आणि म्हणाले, "यंदा ज्वारी बरी हाय." कोणीतरी "हो" म्हणालं. त्यांचा चेहरा मी तेव्हा पाहिला. मिलमध्येही इतका उतरलेला पाहिला नव्हता. ज्या थट्टेनं त्यांची झोप गेली होती, ती थट्टा आता त्यांना कोणी करत नव्हतं.

उन्हाळ्यात खोली सुटली. बहिणीनं कढीपत्त्याचं रोप डब्यात काढून आणलं आणि बापाच्या आडाजवळ लावलं. ते काही जगलं नाही. मुलगी पुन्हा गावात हिंडू लागली.

माझा अभ्यास मात्र पुरा झाला. मॅडम खूश होत्या. कॉलेजच्या एका कार्यक्रमाला त्यांनी पाहुणे म्हणून त्याच साहेबांना बोलावलं. पडद्यावर फोटो आला: वाकलेले साहेब, उघडा पंजा, लोखंडी फलाट, आणि मागं धूसर दिसणारे आम्ही. फोटोतले भाऊजी काट्याकडे पाहत होते. साहेब समजावत होते, कर्मचाऱ्याचा विश्वास कसा जिंकायचा. मुलं टाळ्या वाजवत होती. मॅडम मागून येऊन हळूच म्हणाल्या, आभार तू मान, तुझाच तर विषय आहे. मी म्हणालो, घसा बसला आहे. दुसऱ्या मुलीनं मानले. तिनं छान मानले.

मी मॅडमना नंतर सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं. म्हणाल्या, वाईट झालं, पण पद्धत चुकीची नव्हती. त्या खोटं बोलत नव्हत्या. पण तेव्हापासून मी एकच गोष्ट मनात घोळवतोय. साहेबांनी आम्हाला खोटं सांगितलं असतं तर कोणीच बोललं नसतं, आम्ही खोट्याला सरावलेलो आहोत. त्यांनी आमच्याकडची सगळ्यात खरी गोष्ट उचलली. हात आमच्यासारखाच ठेवला, वाकले आमच्यासारखेच, आणि उठल्यावर तो हात पँटला पुसला. ते पुसणं मी तेव्हाच पाहिलं होतं. लोखंडाला ग्रीस असतं, म्हणून पुसला असेल असं वाटलं.

पुढं मी कॉलेजच्या मागं लागलो आणि मिलकडे जाणं सुटलं. भाऊजी पैनगंगेपलीकडं किनवटकडे काम शोधताहेत असं कधी ऐकायचो, कधी काहीच ऐकायचो नाही. बहीण फोनवर मुलीबद्दलच बोलायची. नवा हंगाम सुरू झाला. आमच्या गावच्या गाड्या पुन्हा त्याच मिलला जाऊ लागल्या, दुसरीकडे लांब पडतं. मग एका दुपारी ताईंचा फोन आला. मागं मशीनचा आवाज येत होता.

"तेमावाले आले बरं का परत," त्या म्हणाल्या.

मी वर्गाबाहेर होतो. भिंतीला टेकलो. "मशीनवर?"

"नाही रे. मशीनवर तो नेरडीगोंड्याचाच हाय. तो कायम झाला. हे गेटवर हायेत. गाड्या मागं-पुढं कराले. सीजनपुरते."

"कोणी बोलावलं?"

"साहेबानंच. तेमावाले काट्याच्या पूजेले आले होते."

"हात ठेवला त्यांनी?"

"सगळ्यांनीच ठेवला. न ठेवून जाशील कुठं?" ताई म्हणाल्या. "साहेबानं तवा सगळ्यांसमोर इचारलं त्याईले, अब टेंशन तो नहीं ना? नाही साहेब, म्हणे. काहीच नाही."

"आपल्या गावचे ट्रॅक्टर येतात?"

"येतेत ना. हे हात दाखवतेत, ते पुढं जातेत. कोणी काही बोलत नाही."

मला अजून एक विचारायचं होतं, आणि विचारू नये असंही वाटत होतं. शेवटी विचारलं. जेवायला भाऊजी तुमच्यातच बसतात का?

त्यांनी आधी कोणाला तरी गाडी पुढं घ्यायला सांगितलं.

"बसतेत," ताई म्हणाल्या. "पोत्यावरच, माह्या बाजूले. डबा मांडीवर राह्यते."